रजेच्या तक्त्यातील कोरी ओळ

“मी कुठेच जाणार नाही,” असे आमच्या हिशेब विभागातील सहकारी आज दुपारी डबा खाताना म्हणाल्या आणि लगेच, एखादी चूक कबूल करावी तशा, “यंदा काही ठरवलेच नाही,” असे पुटपुटल्या.

माझ्या तोंडून नकळत “अरेरे” निघून गेले.

२५ डिसेंबर २०२५ आणि १ जानेवारी २०२६ हे दोन्ही सुट्टीचे दिवस गुरुवारी येत असल्याने मधले कामाचे चार दिवस आणि २ जानेवारी अशी पाच दिवसांची रजा टाकली की शनिवार-रविवार धरून सलग अकरा दिवस हाती लागतात, हे गणित आमच्या कार्यालयात केव्हाच पाठ झाले आहे. (ते सर्वांत आधी हिशेब विभागानेच मांडले होते, ही गंमत वेगळी.) कोणी डोंगरात निघाले आहे, कोणी समुद्रकाठी, एकाने तर परतीच्या विमानाची वेळही ऐकवली. भिंतीवरच्या तक्त्यात रंगीत चौकोनांची दाटी झाली आहे. फक्त त्यांची ओळ कोरी आहे, म्हणजे त्या दिवसांत आम्हा सर्वांची अडलेली कामे त्याच निस्तरणार आहेत.

घरी पोहोचेपर्यंत ते “अरेरे” माझ्याच कानांत घुमत राहिले. शांत, रिकामे कार्यालय हाच कदाचित त्यांचा बेत असेल, पण तसे त्यांना विचारायला आमच्यापैकी कोण थांबले होते?