मागच्या खोलीतला स्टुडिओ
संध्याकाळी झेड ब्रिजवर दोन मुलींनी भाच्याला थांबवलं. "तू तोच ना, गिटारवर जुनी मराठी गाणी म्हणणारा?" तिघांचा फोटो मीच काढला. मला कोण विचारतंय!

या पोराचा स्टुडिओ म्हणजे आमच्या सदाशिव पेठेतल्या घराची मागची खोली. दाराला गोधडी, पंखा बंद आणि रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर, कारण त्याआधी गल्लीतल्या दुचाक्या थांबत नाहीत. आज मला आत बसायची परवानगी मिळाली, खोकायची नाही. गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर (पट्टीवर) कॅपो, म्हणजे सूर चढवायचा चिमटा, लावून त्याने अकरा टेक घेतले. पाचवा सगळ्यात सुरेल होता, पण नेमकं समेवर कुत्रं भुंकलं.

मूळ गाण्यातलं हार्मोनियम, तबला, व्हायोलिन सगळं काढून टाकल्यावर आवाज उघडा पडतो. अंतऱ्यात तो घाई करतो, हे मग लपत नाही. तसं सांगितलं तर म्हणे, "मामा, रील बघणारा थांबत नाही." असेलही. मला मात्र तो ठेहराव हवा होता.

पैशांचं विचारलं. चाल-शब्द दुसऱ्याचे, त्यामुळे यूट्यूबने गाणं ओळखलं आणि हक्कदार कंपनीने दावा केला की जाहिरातीचे पैसे तिकडे जाऊ शकतात. कवी, संगीतकार गेल्यावरही कॉपीराइट 60 वर्षं टिकतो आपल्याकडे. बरोबरच आहे म्हणा. याला मिळतात ती लग्नात गायची आमंत्रणं.

ताईला अजून वाटतं, तो रात्री सीएचा अभ्यास करतो. तीही फेसबुकवर आहे, हे आत्ता लक्षात आलं.