तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना घेऊन आंबोलीला

मृग लागला की माझा फोन सुरू होतो. पुण्याची चुलत नणंद, कोल्हापूरची मैत्रीण, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणीतरी. प्रश्न एकच. "आंबोलीला जायचं म्हणतोय. मुलं आहेत बरोबर, एक चार वर्षांचं, एक नऊचं. आईंचे गुडघेही दुखतात. धबधब्यात नेता येईल ना सगळ्यांना?"

मी गडहिंग्लजला राहते. आंबोली आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. आजरा ओलांडलं की धुकं सुरू होतं. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी नदी आमच्याच गावाला वळसा घालून पुढे संकेश्वरकडे जाते. त्यामुळे आंबोलीची चौकशी माझ्याकडे येते आणि मीही हक्काने उत्तर देते: आंबोलीला जरूर न्या. धबधब्यात नका नेऊ.

यावर समोरच्याचा आवाज पडतो. पाच माणसं गाडीत कोंबून सहा तास यायचं आणि धबधब्याखाली उभं राहायचं नाही? पण घाटातला तो मोठा धबधबा जुलैच्या रविवारी पाहिला असेल तर तुम्हालाही पटेल. रस्त्याच्या कडेलाच आहे, वर जायला पायऱ्या बांधल्यात, म्हणून तो 'सोपा' वाटतो. पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं, शेवाळाचा थर असतो, आणि वरून उतरणारा प्रत्येक माणूस चढणाऱ्याच्या दंडाला धरून उतरतो. चार वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत फक्त ओल्या जीन्स दिसतात. खाली दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, स्पीकरवर गाणी, कणसं, भजी आणि भज्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडं. माकडं मुलांच्याच हातातलं ओढतात, मोठ्यांच्या वाटेला जात नाहीत. हुशार असतात.

हा धबधबा पाहायचा असेल तर मधल्या वारी, सकाळी आठच्या आत, समोरच्या कठड्यापाशी उभं राहून. दहा मिनिटं. तुषार तिथपर्यंत येतात, मुलं भिजतात, काम झालं. दुसरा नांगरतास, बेळगावच्या रस्त्याला. तिथे पाणी एका अरुंद घळीत उडी घेतं आणि तुम्ही वरून, कठड्यामागून बघता. आवाज मात्र पोटात जाणवतो. दरीच्या काठावरच्या कावळेसाद पॉइंटला पाऊस आणि वारा दोन्ही जोरात असले तर दरीत पडणारं पाणी उलटं वर येऊन तोंडावर बसतं. मुलांना याच्याइतकी गंमत दुसऱ्या कशात वाटत नाही. पण कावळेसादला मुलाचा हात मनगटापाशी धरायचा. बोटं धरली तर ओल्या हातातून सुटतात. आणि फोटोसाठी खांद्यावर बसवायचं नाही. इथे रेलिंगच्या पलीकडे गेलेली माणसं परत आलेली नाहीत.

तुम्ही म्हणाल, ही बाई घाबरट दिसते. आहे. सांगते का ते.

आठ वर्षांपूर्वी मीच बहिणीच्या मुलाला घेऊन गेले होते. तो सहा वर्षांचा होता. धबधबा-बिबधबा काही नाही, हिरण्यकेशीला मिळणारा एक साधा ओढा, त्याच्या पोटरीइतकं पाणी. मी काठावर बसून थर्मासमधला चहा ओतत होते. त्याच्या पायातली लाल रबरी चप्पल सुटली आणि पाण्यावर तरंगत निघाली. तो एक शब्द न बोलता तिच्या मागे गेला. ओरडला असता तर मी मान वर केली असती. त्याला वाटलं, नवी चप्पल हरवली तर आई रागावेल. वीसेक पावलांवर ओढा एका खडकाला वळसा घालत होता आणि तिथे डोह होता. माझ्या नवऱ्याने त्याला शर्टाच्या मागच्या बाजूने धरलं तेव्हा त्याच्या कंबरेच्या वर पाणी आलं होतं. थर्मासचं झाकण मी त्या दिवशी तिथेच टाकून आले. अजून तो थर्मास बिनझाकणाचा आहे.

त्यानंतर २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. मुलंही होती त्यात. ते दृश्य सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली माणसं. मला त्यात सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तासाभरापूर्वी तिथे सहज चालत जाता आलं असेल.

ओढ्याचं असंच असतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात धो धो कोसळत असू शकतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जमीन आधीच तुडुंब भिजलेली, खाली जांभा, त्यामुळे वर पडलेलं पाणी मुरायला थांबत नाही, सरळ ओढ्यात येतं. म्हणून माझे नियम आता ठरलेले आहेत. पाण्यात उतरण्याआधी एक पान टाकायचं आणि त्याच्याबरोबर काठाने चालायचं. पान माझ्या चालीने गेलं तर मुलं उतरतील, गुडघ्याच्या खालपर्यंत. पान मला मागे टाकून गेलं तर कुणीच उतरायचं नाही. मग ते पान कुठे जातं तेही बघून यायचं, कारण चप्पलही तिकडेच जाणार आहे. आणि स्वच्छ पाणी मधेच गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहायला लागला, की डबे तिथेच टाकून काठावर. डब्यांचं नंतर बघू.

मुलांना घरूनच पढवून आणायचं एक वाक्य: चप्पल गेली तर जाऊ दे. दोन-तीनदा म्हणवून घ्या. त्याहून बरं म्हणजे मागे पट्टा असलेले सँडल.

एवढं झाल्यावर मग आंबोली खरी सुरू होते.

पहिल्यांदा हिरण्यकेशीचा उगम. गाडी लावायची आणि झाडीतून नदीच्या काठाने थोडं चालायचं. वाट बांधीव आहे. गुडघेवाल्या आजीही काठी टेकत येतात, माझ्या सासूबाई पंच्याहत्तराव्या वर्षी आल्या होत्या. शेवटी कातळातली गुहा, तिच्यात देवी, आणि गुहेतूनच पाणी बाहेर येऊन समोरच्या कुंडात पडतं. नदीचा जन्म असा समोर दिसायला मिळणं मुलांना फार पटतं. 'हीच का ती आपल्या पुलाखालची?' हा प्रश्न आमच्या गावच्या प्रत्येक पोराने तिथे विचारलेला आहे.

या कुंडाचं एक मोठेपण बाहेरच्यांना माहीत नसतं. २०२० साली इथल्या एका लहानशा, रंगीत माशाची नवी जात म्हणून नोंद झाली आणि त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी सरकारने हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. सगळा मिळून सव्वादोन हेक्टरसुद्धा नाही. म्हणजे पाच-साडेपाच एकर, आमच्याकडच्या एखाद्या बऱ्या शेतकऱ्याचा उसाचा मळा. असा मासा जिथे राहतो त्या पाण्यात माणसं शाम्पूची पुडी फोडतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. मुलांना मात्र काठावर उकिडवं बसवा आणि सांगा, शंभर आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. साधारण साठच्या पुढे पाणी निवळतं, तळाचे खडे दिसायला लागतात आणि खड्यांमधलं काहीतरी पळतं. मुलं शंभरला उठत नाहीत.

दुसरी गोष्ट तळ्यांची. तळं म्हणजे बोटिंगचं नव्हे. पावसाळ्यात साचलेली डबकी, झाडाखालची जुनी टाकी, शेताच्या कोपऱ्यातलं पाणी. एकदा अशाच एका टाकीपाशी भाची थांबली आणि म्हणाली, "मावशी, झाडाला साबण कुणी लावला?" पाण्यावर झुकलेल्या फांदीला पानांच्या मधोमध पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला. संत्र्याएवढा. बाहेरून किंचित सुकून पिवळट झालेला, खालून ओला. ते मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं. हिरवागार बेडूक, बोटांमधले पडदे नारिंगी-लाल. ते पडदे पसरून तो झाडावरून झाडावर तरंगत उतरतो. मादी पाण्याच्या नेमकी वर, फांदीवर, फेसात अंडी घालते. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खाली पाण्यात पडतात. आम्ही पाऊण तास थांबलो. आमच्यासमोर एक पडलं. एकच. भाचीने शाळेत जाऊन सांगितलं की आंबोलीत बेडकांचा पाऊस पडतो, आणि बाईंनी तिला खोटं बोलू नये म्हणून समज दिली.

रात्री बॅटरी घेऊन बेडूक दाखवायला नेणारे जाणकार तरुण आंबोलीतच आहेत, त्यांच्याबरोबरच जा. आपलं आपण फांद्या चाचपत फिरू नका. हिरवा चापडा हा विषारी साप पानासारखाच दिसतो आणि जागचा हलत नाही. मुलांना सांगून ठेवायचं: बघायचं डोळ्यांनी, हात खिशात.

सप्टेंबरात, गणपती गेल्यावर आलात तर सड्यावर चला. सडा म्हणजे घाटमाथ्यावरची जांभ्याची सपाट पठारं. चौकुळच्या बाजूला मैलभर पसरलेली. इथे चढ नाही, म्हणून मुलं दमत नाहीत, आणि पाणी घोट्याच्या वर कुठेच नाही. माझ्या मते लहान मुलांसाठी अख्ख्या आंबोलीत याच्याहून चांगली जागा नाही, पण इथे धबधबा नाही म्हटल्यावर कुणी उतरत नाही. जांभ्याच्या ओलसर खळग्यांत सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. दिसायला बिचारी, पण मातीखाली बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म किडे ओढून घेते. हे सांगितलं की फुलांकडे ढुंकून न बघणारी मुलंही पोटावर आडवी होतात. जूनमध्ये याच सड्यावरच्या उथळ डबक्यांत आंबोली टोड हा भेक अंडी घालतो. २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि आमचे लोक त्याच्यावरून गाडी घालून 'व्ह्यू' बघायला जातात. सड्यावर गाडी नेऊ नका. उतरा, चाला.

जळवांचं विचारता तुम्ही, तर जळवा असतात. जून ते सप्टेंबर, पाचोळ्यात. आई ओरडली की मूल ओरडतं, म्हणून आधी आईने ओरडायचं नाही. ओढून काढायची नाही. नख आडवं धरून तिच्या तोंडापाशी सरकवायचं, सुटते. मिठाची पुरचुंडी जवळ असली की मुलांना धीर येतो, एवढाच तिचा उपयोग. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरण्यासारखं नसतं. पँट मोज्यात खोचा, शोभेचं नंतर बघू. छत्री आणू नका, वारा तिला उलटी करतो. रेनकोट आणि गाडीत प्रत्येकाचा कोरडा कपड्यांचा जोड. जोड एक नाही, दोन.

आणि दिवसाला एकच ठिकाण. फार तर दोन. सहा पॉइंट सहा तासांत करणारी कुटुंबं मी संध्याकाळी आजऱ्यात चहाच्या टपरीवर पाहते. मुलं झोपलेली, आई-बाप एकमेकांशी बोलत नाहीत.

परतताना आम्ही नेहमी आजऱ्याजवळ रामतीर्थावर थांबतो. सकाळी गुहेतून करंगळीएवढी निघालेली हिरण्यकेशी इथे रुंद होऊन कातळावरून फेसाळत उतरते. पावसाळ्यात मी मुलांना काठालासुद्धा जाऊ देत नाही, घाटावरच्या वरच्या पायरीवर बसवते. घरून आणलेला आजरा घनसाळचा दहीभात तिथे बसून खायचा. डबा उघडला की थंड भातालाही वास येतो. मग कुणीतरी विचारतं, ही पुढे कुठे जाते. घटप्रभेला, मग कृष्णेला, मग थेट बंगालच्या उपसागराला. आणि घाटातला तो धबधबा? तो दाणोलीकडे उतरतो, अरबी समुद्राला. एकाच ढगाचं पाणी.

तो चपलेवाला भाचा आता नववीत आहे. मिशा फुटतायत, माझ्याशी फारसं बोलत नाही. गेल्या वर्षी रामतीर्थावर बराच वेळ वरच्या अंगाला बघत उभा होता. मी विचारलं, काय रे?

"काही नाही," म्हणाला, "अजून आली नाही."