मावशीची स्कूटर अडून बसते तेव्हा

इकडे आल्यावर 'स्कूटर' या शब्दाचा अर्थच बदलला. चार छोटी चाकं, वर खुर्ची, पुढे हँडल आणि सगळा कारभार बॅटरीवर. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मावशी तिच्यावरच बाहेर पडते, आणि ती अडली की हाक मला.

पहिल्यांदा अडली ती फुटपाथवर, भर पावसात. किल्ली फिरवली, दिवा लागला, पण गाडी हलेना. नुसती पीप पीप. घाबरून मेकॅनिकला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "मागची दांडी कुठे आहे?" सकाळी गाडी ढकलत लिफ्टमधून काढताना ती मीच फिरवली होती. मावशी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

मोटरवरचा ब्रेक वीज मिळाली तरच सुटतो, म्हणून बंद स्कूटर ढकलता येत नाही. दांडी फिरवली की ढकलता येते, पण मग मोटर चालत नाही आणि तो ब्रेकही लागत नाही. उतारावर गाडीत कोणी बसलेलं असताना दांडीला हात लावायचा नाही, अगदी गंमत म्हणूनसुद्धा.

पीप किती वेळा वाजते ते मोजायचं, मगच किल्ली बंद करायची. त्या आकड्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. माहितीपुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे.

मावशीचं नेहमीचं दुखणं वेगळंच: किल्ली फिरवताना अंगठा वेगाच्या खटक्यावर. गाडी अशा वेळी मुद्दामच निघत नाही. बॅटरीवरच्या व्हीलचेअरच्या जॉयस्टिकचंही तेच. चार्जर लावलेला असेल तरीही निघत नाही. दिवाच लागत नसेल तर बॅटरीची जोडणी सैल झाली आहे का आणि ब्रेकरचं, म्हणजे जास्त वीज वाहिली की ती तोडणारं, बटण बाहेर आलंय का, ते बघायचं. बटण एकदा दाबून बसवावं. पुन्हा उडालं तर हट्ट करू नये, मेकॅनिकला बोलवावं.

बॅटरीचा काटा मात्र फसवा. उभ्या गाडीत फुल्ल दाखवतो आणि चढ लागला की झपकन खाली येतो. तसं झालं की बॅटऱ्या थकल्या समजायचं. साधारणपणे १२ व्होल्टच्या दोन जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बदलायच्या तर दोन्ही एकदम, नाहीतर जुनी नवीलाही ओढते. लेड-ॲसिड बॅटरीला रिकामं पडून राहणं सोसत नाही. मोबाइलसारखं 'संपली की लावू' इथे महागात पडतं. आमची स्कूटर फिरून आली की रात्रभर चार्जिंगला.

हल्ली गाडी अडली की मी वाकायच्या आतच मावशी विचारते, "दांडी बघितलीस का?"