तुम्ही विचारलंत म्हणून : त्या पळपुट्या पोराबद्दल

‘त्या पोराचा तुम्हाला एवढा कळवळा कशासाठी?’ हा प्रश्न मला आतापर्यंत चार जणींनी आणि एका गृहस्थांनी विचारला आहे. गृहस्थ सौम्य होते. ते म्हणाले, ‘तुमचं त्याच्याबाबतीत जरा मवाळ धोरण दिसतं.’ पोरगा म्हणजे सॅम. निक हॉर्नबीच्या ‘स्लॅम’ या २००७ सालच्या कादंबरीतला, लंडनचा, स्केटबोर्डवर जीव असलेला आणि सोळाव्या वर्षी बाप होऊन बसलेला. आमच्या वाचनगटात ही कादंबरी मीच आणली, तिच्यासाठी भांडलेही मीच, तेव्हा विचारणार मलाच. इतके दिवस ‘अहो, विनोदी आहे, मजा येते’ म्हणून वेळ मारून नेत आले. आता एकदाचं काय ते सांगते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

कथानक तुम्ही वाचलंय. तुमचा राग आहे तो प्रसंग तेवढा घेते. सॅमची मैत्रीण ॲलिशा हिला दिवस गेले असणार असं दिसू लागतं, आणि हा पठ्ठ्या तिला भेटायचं सोडून हेस्टिंग्ज नावाच्या समुद्रकाठच्या गावी निघून जातो. तिथे खिशातला मोबाइल काढतो आणि समुद्रात फेकून देतो. तिचा फोन येण्याचा प्रश्नच मिटला. तुम्ही म्हणता, इथे तो मनातून उतरला तो उतरलाच. माझ्याही उतरला होता. पहिल्यांदा वाचताना मी त्या पानाच्या समासात पेन्सिलीने ‘पळपुटा’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. ती प्रत अजून माझ्याकडे आहे, शब्दही आहे. खोडलेला नाही, कारण तो खोटा नाही. फक्त लिहिताना डोळ्यांसमोर सॅम नव्हता.

पण तुम्ही सगळे एक गोष्ट विसरता. तो परत येतो. एक रात्र बाहेर काढतो आणि परत येतो. आता त्यात थोरपणा काही नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल ही त्याला देव करायला निघाली. पश्चात्तापाने वगैरे तो येत नाही. हेस्टिंग्जला एका खडूस म्हाताऱ्याची पडेल ती कामं करायची नोकरी मिळते, म्हातारा रात्री याच्या खोलीत येऊन रिमोट पलंगामागे पडला म्हणून उठवतो, आणि तेवढ्यात स्वतंत्र आयुष्याची हौस फिटते. पुढेही तो काही आदर्श बाप होत नाही. ॲलिशाच्या घरी राहायला जातो, सर्दी झाली म्हणून आईकडे येतो आणि मग तिकडे राहायला परत जातच नाही. भांडण नाही, दार आपटणं नाही. सर्दी! माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट ती आहे. पण मुलाचा हात तो सोडत नाही. मुलाचं नाव रूफस, हाक मारायची रूफ. सॅमच्या आईलाही सॅम सोळाव्याच वर्षी झालेला, म्हणजे ती बत्तिशीत आजी होते, आणि वर तिलाही पुन्हा मूल होतं. रूफची आत्या रूफपेक्षा लहान. हसावं की काय करावं, कळत नाही.

मराठीत आपण किती सहज म्हणतो, ‘तिला दिवस गेलेत.’ सॅमचे अक्षरशः जातात. रात्री झोपतो आणि उठतो तो थेट पुढच्या काळात, शेजारी रडणारं बाळ, आणि त्याचं नेमकं काय करायचं याची याला गंधवार्ता नाही. काहींना हा प्रकार पोरकट वाटला. टोनी हॉक या नामवंत स्केटबोर्डपटूच्या पोस्टरशी तो बोलतो आणि पोस्टर हॉकच्या आत्मचरित्रातली वाक्यं उत्तर म्हणून परत देतं, तेही. मला नाही वाटला. सोळा वर्षांच्या मुलाला घरात कुणाशी बोलता येत नसेल, तर तो भिंतीशीच बोलणार. भिंतीवर निदान कुणीतरी ओळखीचं आहे.

भाषेचंच निघालंय म्हणून सांगते. आपल्याकडे ‘कुमारी माता’ हा शब्द आहे. बातमीत आहे, कायद्याच्या चर्चेत आहे, कुजबुजीत आहे. तिच्याबरोबरच्या मुलासाठी शब्द शोधून पाहा. ‘कुमार पिता’ म्हटलं तर लग्नपत्रिकेवर छपाईची चूक झाल्यासारखं वाटतं. पाऊल वाकडं पडतं तेही तिचंच. तो ‘सुटतो’. आणि हे आपल्याच भाषेचं आहे असंही नाही. ही कादंबरी आली त्याच्या काही वर्षं आधी, १९९९ साली, इंग्लंडात अठरा वर्षांखालच्या गर्भधारणांचं प्रमाण दहा वर्षांत निम्म्यावर आणायचं सरकारी धोरण जाहीर झालं होतं. ते प्रमाण मोजायचं कसं? पंधरा ते सतरा वयाच्या दर हजार मुलींमागे किती, असं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ सालचा अंदाज आहे की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींना वर्षाला सुमारे दोन कोटी दहा लाख गर्भधारणा होतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्या नको असलेल्या. पुन्हा मुलीच. मोजणाऱ्यांना मी दोष देत नाही. पोट तिचं, मोजणार तिलाच. पण मुलांचा हजार कुठे मांडलेलाच नाही, आणि जो मोजलाच गेला नाही तो पळाला काय आणि राहिला काय.

हे सगळं मी वाचनगटातही म्हणाले असते. म्हणाले नाही, कारण पुढचं विचारलं असतंत.

मी अकरा वर्षांची होते, दादा सतरा. ती त्याच्याच वर्गातली. वह्या न्यायला-द्यायला घरी यायची, मला ‘छोटे सरकार’ म्हणायची. वह्या तिच्या हातात असायच्या आणि लक्ष दाराकडे, हे त्या वयातही मला दिसत होतं. मग ती यायची बंद झाली. आईबाबा दार लावून बोलायला लागले. मला कुणी काही सांगितलं नाही, पण बंद दाराआडचं ऐकण्यात मी पटाईत होते. एकदा आईचा आवाज आला, ‘आपल्याला त्यात पडायचं नाही.’ कशात, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बसवून सांगितलं, ‘तिचा फोन आला तर दादा घरी नाही म्हणायचं. तूच उचलत जा.’ मीच का, ते खूप पुढे उमगलं. लहान मूल खोटं बोलत असेल असं पलीकडच्याला वाटत नाही.

तीन फोन आले. पहिल्या दोन वेळा सोपं होतं. ‘दादा आहे?’ ‘नाहीये.’ ‘बरं.’ खटक. मला तर जरा ऐटही वाटली, मोठ्यांच्या कामात आपल्यालाही घेतलं म्हणून.

तिसरा दुपारी आला. आईबाबा बाहेर होते. दादा बाहेर निघायच्या तयारीत, एका पायात मोजा, दुसरा हातात, दारात उभा. मी फोन उचलला. तिने या वेळी त्याच्याबद्दल विचारलंच नाही. म्हणाली, ‘छोटे सरकार, कशी आहेस?’ मी म्हटलं, बरी आहे. ‘शाळेला सुट्टी?’ हो. मग थोडं थांबून, अगदी हळू, ‘तो आहे ना गं तिथे?’

मी दादाकडे पाहिलं. त्याने हातातला मोजा हलवला. नाही. बोलला काहीच नाही, नुसता मोजा.

‘नाहीये,’ मी म्हटलं.

‘बरं.’

पण तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मोठं माणूस बोलत असताना आपण आधी ठेवायचा नसतो असं मला शिकवलेलं होतं, आणि ती तेव्हा मला मोठी वाटायची. सतराची. तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी नळ वाहत होता. फोनच्या वायरीचं वेटोळं मी बोटाला गुंडाळत राहिले, बोटाचं टोक पांढरं होईस्तोवर. दादा एका मोज्यावर चालत आला, माझ्याकडे न बघता, आणि रिसीव्हर जिथे ठेवतात तिथला खटका त्याने बोटाने दाबून धरला. रिसीव्हर माझ्या कानालाच होता. श्वास गेला, आणि नुसता टोन वाजायला लागला. तो बराच वेळ तसाच खटका दाबून उभा होता. फोन बंद व्हायला तेवढा वेळ लागत नाही.

पुढच्याच महिन्यात त्याला शिकायला मावशीकडे पाठवलं. ती मंडळी घर सोडून गेली. बाळ झालं, एवढं फार पुढे कानावर आलं. मुलगा की मुलगी, तेही नाही.

सॅमने फोन समुद्रात फेकला, आमच्याकडे समुद्र नव्हता, बोट होतं.

आता म्हणाल, म्हणजे भावाची वकिली चाललीय तर. म्हणा. मी स्वतःलाही हेच म्हणून पाहिलंय. समासात दोन रेघा मारणारी मी आणि आज त्याच पोरासाठी आवाज चढवणारी मी, दोघींचं पटत नाही. आधीची म्हणते, भीती वाटली म्हणजे काय, तिला वाटत नव्हती? तिला पोट घेऊन कुठे पळता येणार होतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणते की फेकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, लाज वाटेल असं आणि हसू येईल असं, सगळं सांगितलेलं मला या पुस्तकात पहिल्यांदा मिळालं. दादा कधी बोलला नाही. मी कधी विचारलं नाही.

तुमच्यापैकी दोघींनी मला अँजेला जॉन्सनची ‘द फर्स्ट पार्ट लास्ट’ ही कादंबरी पुढे केली. बघा, याला म्हणतात मुलगा. मान्य, बॉबी लळा लावतो. सोळा वर्षांचा पोरगा रात्र रात्र लेकीला छातीवर घेऊन बसतो, त्याची आईही त्याला सांगते की तुझं मूल, तूच सांभाळ. २००४ साली त्या कादंबरीला प्रिंट्झ हा किशोरांसाठीच्या पुस्तकांना दिला जाणारा अमेरिकी पुरस्कारही मिळाला. पण त्या लेकीच्या आईचं, नियाचं, काय होतं ते आठवा. ती कोमात जाते, कधीच न उठण्यासाठी. मुलगा चांगला ठरावा म्हणून मुलीला गोष्टीतून उचलून बाजूला ठेवलंय, अशी मला दर वेळी शंका येते. तुम्हाला नाही येत? ‘स्लॅम’मध्ये निदान ॲलिशा शुद्धीत आहे, चिडते, कंटाळते, दुसऱ्या कुणाच्या प्रेमात पडते.

तरी तिची बाजू तिथेही नाहीच. सगळं सॅम सांगतो. तो हेस्टिंग्जला होता त्या रात्री ॲलिशाच्या खोलीत आपण जात नाही. हे मला इतकी वर्षं खटकलं नव्हतं, आत्ता लिहिताना खटकतंय. त्या तिसऱ्या फोनवरचा श्वास ऐकलेलं जिवंत माणूस जगात एकच, मी. आणि पुस्तकं हातात घेऊन मी शोधत बसले ती खटका दाबणाऱ्याची कैफियत. तिने छोटे सरकारला फोन केला होता. त्या मिनिटापुरता तरी तो फोन मला होता.

असो. विचारलंत म्हणून एवढं.

गेल्या वर्षी मी ही कादंबरी दादाला वाचायला दिली. तीच प्रत. समासातला शब्द दिल्यावर आठवला, तोवर पुस्तक त्याच्या पिशवीत गेलेलं. चार महिने त्याने नाव काढलं नाही. मग एक दिवस आला आणि टेबलावर ठेवून गेला. मी दारापर्यंत गेले, विचारलं, ‘वाचलीस?’

‘हो. विनोदी आहे.’ चपला घालता घालता म्हणाला, ‘तो रिमोटवाला म्हातारा भारी आहे.’

तो गेल्यावर मी ते पान काढून पाहिलं. माझा शब्द, माझ्या दोन रेघा, बाकी काही नाही. पण म्हातारा येतो तो फोन समुद्रात गेल्यानंतर. म्हणजे तिथवर तरी त्याने वाचलंय.