हलकी गाडी

मराठीत ‘हलकं’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. हलक्या पावलांनी कुणी आलं तर चालतं, पण माल हलका निघाला किंवा माणूस हलक्या कानाचा निघाला की पंचाईत. त्यामुळे लाइट रेलला, म्हणजे शहरात रुळांवरून, बरेचदा रस्त्यातूनच, विजेवर धावणाऱ्या गाडीला, ‘हलकी रेल्वे’ म्हटलं की ती बिचारी उगाच दुय्यम दर्जाची वाटायला लागते. बरं, वजनालाही ती हलकी नाही. तीसेक मीटर लांबीची गाडी रिकामी असतानाच चाळीस टनांच्या आसपास भरते. १९७२ साली अमेरिकेत पुढे आलेल्या या नावातलं हलकेपण आहे ते बाडबिस्तऱ्याचं : मेट्रोपेक्षा माणसं कमी न्यायची, पण बोगदे आणि पूल अगदी अडलं तरच बांधायचे. मग ट्राम वेगळी ती कशी? यावर हौशी मंडळी तासन् तास भांडू शकतात. मी लांबूनच ऐकतो.

मला आवडतं ते तिचं रस्त्यावरचं वागणं. एरवी रेल्वे म्हणजे फाटक पडतं, आपण थांबतो आणि ती धडधडत निघून जाते. ही रस्त्यावर उतरली की चालक नजरेच्या भरवशावर चालवतो, मोटार चालवावी तशी. फक्त त्याच्या हातात स्टिअरिंग नसतं.

वर पाहिलं तर विजेची तारही सरळ नसते, किंचित नागमोडी ओढलेली असते. गाडीच्या टपावरची पट्टी एकाच जागी घासून तिला खाच पडू नये, म्हणून. फ्रान्समधल्या बहुतेक शहरांनी ट्रामचे जुने रूळ उखडून टाकले होते. १९८५ मध्ये नांतने नव्याने टाकले. पुढे बोर्दोला जुन्या इमारतींसमोर या ताराच नकोशा झाल्या. २००३ मध्ये तिथे काही भागात वीज रुळांच्या मधोमध जमिनीत घातली. गाडी ज्या तुकड्यावर असेल तेवढाच जिवंत. माणसं चालतात तो भाग थंड.

आणि एवढं सगळं करून पोटात वाळू! लोखंडावर लोखंड छान घरंगळतं, पण पावसात तेच घसरतं. मग चाकासमोर रुळावर वाळूची बारीक धार सोडायची. संगणक, सेन्सर, आणि त्यांच्या शेजारी वाळूचा डबा. हे मला फार घरगुती वाटतं.

एकदा एका मोटारीचं शेपूट रुळावर आलं होतं. जेमतेम वीतभर. गाडी थांबली. बस असती तर बाजू काढून गेली असती; हिला ती सोयच नाही. चालकाने घंटा वाजवली. थोडं थांबून पुन्हा वाजवली. मागे आणखी एक गाडी येऊन उभी राहिली. शेवटी समोरच्या दारातून एक गृहस्थ किल्ली शोधत, हात जोडत धावत आले. चालकाने नुसती मान हलवली आणि घंटा आणखी एकदा वाजवली, या वेळी अगदी हलक्या हाताने.