लळिंगला जाताय? भाडं आधी ठरवा आणि 'बंगला' म्हणून सांगा

धुळ्यापासून लळिंग दहा-एक किलोमीटर. माझ्याकडून रिक्षाचे साडेचारशे घेतले आणि पठ्ठ्याने मला किल्ल्याच्या पायथ्याशी, गावात उतरवलं. "हेच लळिंग," म्हणाला आणि पसार. मला किल्ला नको होता, लांडोर बंगला हवा होता. 31 जुलै 1937 रोजी एका खटल्यासाठी धुळ्याला आलेले बॅरिस्टर आंबेडकर ज्या बंगल्यात उतरले होते, तो. किल्ला खानदेशच्या फारुकी सुलतानांचा, बंगला कुरणातला. नुसतं 'लळिंग' म्हणालात तर माझ्यासारखे फसाल.

मग मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने पायपीट. हा टप्पा भिकार आहे. कंटेनर इतक्या जवळून जातात की टोपी दोनदा उडाली. दुसऱ्यांदा आणायला गेलोच नाही. मुलंबाळं बरोबर असतील तर अजिबात चालू नका. परतताना मालेगावकडून आलेली साधी एसटी मिळाली, तिकीट चहा-भज्यांच्या पैशात. जातानाही तीच पकडायला हवी होती. जलद गाडीच्या नादी लागू नका, थांबत नाही.

बंगला म्हणजे राजवाडा नव्हे. साधी वास्तू, सभोवार पावसाने हिरवं झालेलं गवत, मधेच मोराची केका. ओल्या पायरीवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. त्या वर्षी बाबासाहेब नुकतेच मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. दहा वर्षांनी देशाचे कायदामंत्री होणार होते. दरवर्षी 31 जुलैला इथे मोठी गर्दी लोटते. शांतता हवी असेल तर ती तारीख टाळा. मी मात्र पुढच्या वेळी त्याच दिवशी जाणार.

चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं देऊळ आणि पितळखोऱ्याची लेणी दुसऱ्या दिवशी झाली. छान आहेत, माहिती कुठेही मिळेल.

मला चाळीसगावचा पूल पाहायचा होता. 1929 मध्ये अस्पृश्यांवरच्या अन्यायांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनावर अस्पृश्य वस्तीतले लोक घ्यायला आले, पण तासभर निघायलाच तयार नाहीत. टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी त्याने टांगा भाड्याने दिला, हाकायला वस्तीतलाच एक जण बसला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलाला कठडा नाही, नुसते अंतराअंतरावर दगड. चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत. पाय मोडला. टांगेवाल्याची गोष्ट त्यांना नंतर कळली. बॅरिस्टर असलेल्या माणसापेक्षाही तो टांगेवाला स्वतःला वरचा समजत होता, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "भाऊ, कथा जानं शे?" (कुठे जायचंय?) जुना पूल म्हटलं. "कोनता जुना?" मलाही सांगता येईना. नदीकाठाने दोन फेऱ्या झाल्या, दोन म्हाताऱ्यांना विचारून झालं, पूल काही सापडला नाही. त्याने तीसच रुपये घेतले. धुळ्याच्या साडेचारशेचा राग तरीही अजून आहे.