चिखलदरा: धावड्याच्या भावात कढई, आणि उतारावरचा बिब्बा

चिखलदऱ्याला ‘धावड्याचा डिंक, थेट जंगलातला’ म्हणून पुडी पुढे केली तर तपासल्याशिवाय पैसे काढू नका. आम्हाला मिळालेल्या पुडीत बराचसा कढई नावाच्या झाडाचा डिंक निघाला, वरून चार खडे सालईच्या झाडाचे. भाव मात्र धावड्याचा. लाडवांसाठी डिंक घेणाऱ्याला हे फार महागात पडतं, कारण कढईचा डिंक तुपात फुलतच नाही.

तपासणी दुकानासमोरच होते. खडा नाकाशी धरा: कढईच्या जुन्या डिंकाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. मग काडी लावा. सालई भुरुभुरु पेटते आणि धुपाचा वास सुटतो; तो खायचा डिंक नाही, ऊद म्हणून जाळा. धावडा तसा पेटत नाही, फुगून काळा पडतो. शंका उरलीच तर मुक्कामी चमचाभर डिंक पेलाभर पाण्यात रात्रभर ठेवा. धावडा विरघळून पाणी चिकट होतं. कढई विरघळत नाही, लिबलिबीत होऊन पेला भरते. उन्हाळ्यात सरबतात ती चांगली लागते, पण पूर्ण भिजल्याशिवाय गिळू नका, घशात फुगून अडकते. खरा धावडा तळताना वाटाण्याएवढे खडे करा, मध्यम आचेवर थोडे थोडे टाका. मोठा खडा आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

खरेदी फिरायला निघण्याआधी उरका. पाय भरून आल्यावर घासाघीस होत नाही, सांगेल तो भाव दिला जातो. झाडाचा डिंक स्वतः खरवडू नका. अभयारण्यातून काहीही आणायला मनाई आहे.

पॉइंट छान आहेत. त्रास झाडीतल्या उताराचा. मुरूम घसरतो आणि हात आपोआप फांदीकडे जातो. फांद्यांच्या टोकाला हातभर लांब पानांचे झुबके दिसले तर ती फांदी धरू नका, तो बिब्बा असू शकतो. नारिंगी बोंडाखाली काळी बी दिसली की खात्रीच. चीक काळा पडतो, कपड्यावरून जात नाही, म्हणूनच परीट त्याने खुणा करत. अंगावर फोड यायला दिवस-दोन दिवसही लागतात, त्यामुळे कशाने झालं ते कळत नाही. लागलाच तर आधी कापडाने टिपा, मग लगेच गार पाणी आणि साबणाने तीनदा घासून धुवा. आधी तेल चोळलं तर चीक पसरतो. काठी, बुटाच्या नाड्या, पिशवीचे पट्टेही धुवा. सरपणात हे लाकूड नको, धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. थोर किंवा शेर या झुडपांचा चीक डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरा आणि थेट दवाखाना गाठा.

बिब्ब्याचं बोंड सुकवून खातात, आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते. गोडंबी घेताना पांढरी, कोरडी बघा. काळे डाग असतील तर सोडून द्या. तो सालीतला चीक असतो, ओठ सुजतात.